चार सांधे

वाचकहो, पुढील पृष्ठांत मी एका लोखंडी शेगडीची, तिच्या पाठीमागून भिंतीबाहेर काढलेल्या धुराच्या पाइपाची आणि त्या पाइपाच्या चार सांध्यांची हकिगत निवेदन करणार आहे. विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. तथापि या चार सांध्यांची लाज मी चौदा वर्षे बाळगून आहे, आणि ती कागदावर उतरविल्यावाचून आता गत्यंतर नाही, सबब हा लेखनप्रपंच.

“पुस्तक नीट वाचलंस ना, पुरुषोत्तम? भिंतीला एकदा भोक पडलं की पडलं.”

“वाचलं जी, बाई. दोनदा वाचलं.”

हे माझे पहिले असत्य. मनोरमाबाई काळमेघ अंगाभोवती शाल लपेटून आरामखुर्चीत बसल्या होत्या, मी छिन्नी-हातोडा घेऊन भिंतीसमोर उकिडवा बसलो होतो, आणि आम्हा दोघांच्या मध्ये स्टुलावर शेगडीसोबत आलेले ते इंग्रजी पुस्तक पडले होते. माझे शिक्षण सातवीपर्यंत. इंग्रजी अक्षरे मला ओळखता येत, ती जुळवून एखादा शब्दही उच्चारता येई. परंतु अर्थ हाती लागेलच याची शाश्वती नसे. बाईंनी तर अमरावतीच्या शाळेत बत्तीस वर्षे इंग्रजीच शिकविलेले. “मला वाचून दाखवा” एवढे तीन शब्द मी त्या वेळी उच्चारले असते, तर ही कथा लिहिण्याचा प्रसंगच आला नसता.

ते शब्द का उच्चारले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. परतवाड्यास माझे पत्र्याच्या कामाचे दुकान आहे. शेड, पन्हाळी, गुऱ्हाळांची आणि हॉटेलांची धुराडी ही माझी कामे. बाईंचे यजमान वनखात्यात अधिकारी होते. निवृत्तीनंतर त्यांनी चिखलदऱ्यास दरीच्या तोंडाशी चार खोल्यांचे दगडी घर बांधले आणि दोनच वर्षांत ते वारले. बाई तेथेच राहिल्या. त्या घराचे पत्रे बदलण्यास मी प्रथम गेलो, तेव्हा काम सोडून त्यांच्या पुस्तकांच्या कपाटाकडे पाहत उभा राहिलो होतो. त्या म्हणाल्या, “बघतोस काय? ने एक. वाचून परत आण, आणि कसं वाटलं ते चार ओळींत लिहून आण.” पुढे सहा वर्षे मी पुस्तके नेत होतो, अभिप्राय लिहून देत होतो, आणि त्या लाल पेनाने माझे ऱ्हस्व-दीर्घ सुधारीत होत्या. एकदा म्हणाल्या, “तुझं वाक्य लांब असतं, पुरुषोत्तम, पण तू त्याला वाटेत टाकून पळत नाहीस.” आजवर मला इतके मोठे प्रशस्तिपत्र कोणी दिलेले नाही. अशा बाईंसमोर मी अडाणी ठरावे, हे माझ्या अहंकारास रुचेना.

आता त्या शेगडीविषयी. बाईंना दमा होता. मागील दोन्ही हिवाळ्यांत कोळशाच्या शेगडीचा धूर छातीत बसून त्यांना दवाखान्यात ठेवावे लागले होते. त्यांचे चिरंजीव हेमंतराव नागपुरास नोकरीला. त्यांनी हिमाचलातल्या एका हॉटेलात ही नव्या धर्तीची शेगडी पाहिली आणि आईसाठी मागविली. बसवून देणारा कंपनीचा माणूस घाट चढून येण्यास तयार होईना, म्हणून काम माझ्याकडे आले. शेगडी उतरविली त्या दिवशी हेमंतराव माझ्यादेखत बाईंना म्हणाले, “हा शेवटचा प्रयोग, आई. ही चालली तर तू इथं खुशाल राहा. पण पुन्हा दवाखाना झाला, तर घराला कुलूप आणि तू माझ्याकडे. मान्य?”

“मान्य,” बाई म्हणाल्या. “पण झाला तर शेगडीमुळे झाला की माझ्यामुळे, एवढं आधी बघायचं.”

“तुझ्यामुळे म्हणजे? दिवाळीत गॅसवर दूध ठेवून तू दरी बघत बसली होतीस, तसं?”

“एकदा दूध जळलं की पोरं जन्मभर मोजतात,” बाई मला म्हणाल्या. हेमंतरावांची गाडी वळणाआड गेल्यावर त्या जरा वेळ फाटकाशीच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “चल. माझं घर आता तुझ्या हातात आहे.”

शेगडीस लाकडाच्या भुशाच्या, दाबून केलेल्या, खडूच्या तुकड्याएवढ्या कांड्या लागत. वरच्या पेटीत त्या ओतावयाच्या, झाकण लावावयाचे आणि बटण दाबावयाचे. बाईंकडे दिवसा कामास येणारी फुलाय बेठेकर नावाची कोरकू बाई होती. तिने पोत्यात हात घालून मूठभर कांड्या नाकाशी नेल्या.

“हे त ढेप हाये, बाई! ढोराले टाकाची का मशीनले?”

“तू खाऊन बघ,” बाई म्हणाल्या. “दूध दिलंस तर ढेप, पेटलीस तर लाकूड.”

फुलाय हसता हसता खाली बसली. त्या घरात असे हसणे मला फार आवडे.

भिंत पंधरा इंच जाडीची, दगडी. भोक पाडण्यास दीड दिवस लागला. त्यात मी पत्र्याची दुहेरी नळी बसविली, जेणेकरून तापलेला पाइप दगडास लागू नये. बाहेर पावसाची टोपी लावली. शेगडीच्या पाठीतून निघालेला पाइप कोपर घेऊन चार फूट वर जाई आणि दुसऱ्या कोपराने भिंतीत शिरे. खोलीच्या आत एकूण चार सांधे. काम देखणे झाले होते. ओळंबा लावून पाहिले. सुताइतकाही फरक नव्हता.

“या सांध्यांना काही लावायचं नाही का रे?” बाईंनी विचारले. “नुसते एकात एक सरकवलेत.”

पुस्तकातील पाइपाचे चित्र मी पाहिलेले होते. त्यात प्रत्येक सांध्यापाशी एक बाण आणि बाणाच्या शेपटाशी इंग्रजीत ‘सील’ हा शब्द होता. तो शब्द मात्र मला पक्का ठाऊक होता. माझ्या दुकानातील विजेच्या मीटरला सरकारी माणूस तार ओवून शिशाचे सील ठोकून जाई आणि हात लावाल तर गुन्हा, अशी ताकीद देई. मतपेटीला सील, रेशनच्या गोदामाला सील. सील म्हणजे अधिकाऱ्याचा शिक्का. तो कारागिराने मारावयाचा नसतो. एवढे ज्ञान मजजवळ होते, आणि त्या ज्ञानाविषयी मला तिळमात्र शंका नव्हती.

“तिथं सील मारतेत, बाई. ते कंपनीवाल्याचं काम. आपण हात लावला त ग्यारंटी जाते.”

“असं लिहिलंय?”

“हो जी. लिहूनच हाये.”

“आणि ही नळी?” शेगडीच्या खोक्यात दंतमंजनाच्या नळीसारखी, परंतु चांगली मनगटाएवढी एक लाल नळी निघाली होती.

“तेही सीलवाल्याचंच सामान. तो कवा आला त लागंल त्याले.”

बाईंनी पुस्तकासाठी हात पुढे केला. “बघू. फुलाय, माझा चष्मा कुठे ग?” फुलाय आतल्या खोलीत शोधू लागली. तिला सापडेना. मग बाईंनी हात मागे घेतला. “राहू दे. तू दोनदा वाचलंयस म्हणजे झालं.” त्यांनी ती नळी टेबलाच्या खणात ठेवून दिली.

सांधे उघडे ठेवण्यास माझ्या धंद्याचाही आधार होता. गुऱ्हाळाच्या धुराड्याचे सांधे आम्ही कधी बुजवीत नाही. तेथे धूर आपल्या उष्णतेने वर जातो आणि सांध्यात फट असलीच तर बाहेरची हवाच आत ओढली जाते. मी असंख्य धुराडी उभी केली. एकाही सांध्यातून धूर बाहेर आला नाही. परंतु या शेगडीच्या पोटात पंखा होता. येथे धूर आपल्या पायांनी जात नव्हता. त्याला पाठीमागून ढकलले जात होते, आणि ढकललेला धूर मिळेल त्या फटीतून बाहेर पडतो. हा भेद ज्या पुस्तकात लिहिला होता, ते माझ्या हाताखाली होते.

बटण दाबले. काचेपलीकडे पिवळी ज्योत उभी राहिली आणि खोलीत धुराचा मागमूसही नव्हता. फुलाय अंगणात धावत गेली, टोपीखाली हात धरून ओरडली, “इकडं हाये वो! धूर इकडं हाये!” बाईंनी डोळे मिटून ऊब घेतली. “साहेब असते तर आज तुला जेवल्याशिवाय सोडलं नसतं,” असे म्हणून त्यांनीच मला जेवल्याशिवाय सोडले नाही.

नववा दिवस. चिखलदऱ्यास त्या आठवड्यात थंडीची लाट आली होती. गवतावर दहिवर गोठत होते आणि बाई दारे-खिडक्या घट्ट लावून बसत. सकाळी नऊच्या सुमारास दुकानात फुलायचा फोन आला.

“भाऊ, बाई उठत नाई! मी आली, दार लोटलं, त बाई खुर्चीतच. मान अशी पडेल होती. मी बगलेत धरून ओढत अंगनात आनलं. आता दवाखान्यात नेलं. तुमी या न लवकर!”

मी मोटारसायकल काढली. तो घाट मी कसा चढलो, ते मला आज स्मरत नाही. दवाखान्यात बाईंच्या नाकातोंडावर ऑक्सिजनची वाटी होती, डोळे उघडे होते. मला पाहून त्यांनी दोन बोटे हलविली. तरुण डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, “वाचल्या. त्या बाईनं दार उघडून बाहेर काढलं म्हणून. कार्बन मोनॉक्साइड. या गॅसला वास नसतो, रंग नसतो. शेगडीचं झाकण म्हणा, पाइप म्हणा, काहीतरी उघडं राहिलं असणार.”

फुलायकडून किल्ली घेऊन मी घरी गेलो. ती पाठोपाठ आली. मी शेगडी पेटविली, सर्व खिडक्या उघड्या टाकल्या, देवघरातील उदबत्ती घेतली आणि तिचा धूर एकेका सांध्यापाशी नेला. पहिल्या सांध्यापाशी तो धूर फुंकर मारल्याप्रमाणे दूर फेकला गेला. दुसऱ्यापाशी तसाच. तिसऱ्या सांध्यालगत भिंतीवर काजळीचा एक डाग उमटला होता, लहान मुलाच्या तळव्याएवढा. मी मनगट जवळ नेले. मनगटाला ऊन श्वास लागला.

मी खण उघडून ती लाल नळी काढली आणि उलटी केली. तिच्या पाठीवर एक चित्र होते. पाइपाचा सांधा, आणि त्यावरून गोल फिरत लेप लावणारे एक बोट. त्या चित्रास कोणतीच भाषा नव्हती.

वाचकहो, येथवर माझ्या हातून घडले ते अज्ञान होते. आता जे सांगतो ते अज्ञान नव्हे.

शेगडी निवू दिली. मी चारही सांधे उकलले, लेप लावला, पुन्हा बसविले, वरून बोट फिरविले. ओल्या फडक्याने भिंतीवरचा डाग पुसला. तो जाईना, तेव्हा चुन्याचा हात मारला. फुलाय दारात उभी राहून पाहत होती.

“काय लावून राह्यले, भाऊ?”

“काही नाई. शेवटचा हात देऊन राह्यलो.”

“तो आता देते का कोनी?”



दुसऱ्या दिवशी दुपारी हेमंतराव बाईंना दवाखान्यातून घरी घेऊन आले. मला बोलावणे होतेच. हेमंतरावांनी नागपुराहून गॅस मोजण्याचे एक यंत्र आणले होते. शेगडी पेटवून, दारे लावून त्यांनी ते एकेका सांध्यापाशी दहा-दहा मिनिटे धरले. यंत्रावर शून्य. भिंतीपाशी शून्य. बाईंच्या खुर्चीपाशी शून्य. मग त्यांनी इंग्रजी पुस्तक उघडून उभ्या उभ्या पाच मिनिटांत वाचून काढले.

“यात लिहिलंय,” ते म्हणाले, “वरच्या पेटीचं झाकण उघडं राहिलं तर गॅस उलटा खोलीत येऊ शकतो. आई, तू पहाटे उठून कांड्या टाकल्यास?”

“टाकल्या. साडेपाचला. झाकण लावलं, बटण दाबलं, चहा घेतला आणि वाचत बसले.”

“झाकण लावलंस?”

“लावलं, हेमंत. खटका वाजेपर्यंत दाबलं. मला तो आवाज आठवतो.”

“आदल्या दिवशीचा आठवत असेल.”

“मी काय खुळी आहे?”

“खुळी नाहीस ग. विसरतेस. दूध आठवतं?”

“पुन्हा दूध!” बाईंचा आवाज चढला आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. फुलायने पाणी दिले. पाणी देता देताच ती म्हणाली, “भाऊनं काल पाइपाले लाल लाल काही लावलं, साहेब. मी पाह्यलं. मग भीत पुसली.”

हेमंतराव माझ्याकडे वळले. “काय लावलं?”

येथे मला पुन्हा एकदा संधी होती. मी म्हणालो, “ते जी, शेवटचा हात. काम झाल्यावर सांध्याले देतच असतो. राहून गेलता, म्हणून देल्ला. भीत काळी दिसत होती कामानं, ते पुसली.”

“पण त्याआधी पाइप गळत होता का?”

“नाई जी. पाइप चांगला हाये. तुमच्या मशीननंच सांगतलं न.”

“हिला काय कळतंय,” हेमंतराव फुलायविषयी म्हणाले. फुलायने पेला उचलला आणि ती आत निघून गेली. त्या दिवसानंतर ती माझ्याशी कधीही बोलली नाही.

बाई मात्र माझ्याकडे पाहत होत्या. संशयाने नव्हे, संशयाने पाहिले असते तर मला सोसले असते. वर्गात एखादे उत्तर अडले की शिक्षक ज्या मुलास हमखास येईल त्यास विचारतात, तशा त्या पाहत होत्या.

“पुरुषोत्तम, तू सांग. तुला या कामातलं कळतं. पाइपातून येणं शक्यच नव्हतं?”

“नाई, बाई.”

“नक्की?”

“नक्की.”

बाईंनी शेगडीच्या झाकणाकडे पाहिले. उठून त्या शेगडीजवळ गेल्या, झाकण उघडले, लावले. खटका वाजला. पुन्हा उघडले, पुन्हा लावले. मग हळूच म्हणाल्या, “मग मीच विसरले असेन. कमाल आहे. मला अगदी स्पष्ट आठवतं.”

माझ्या कामाची अब्रू वाचली. हेमंतराव माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “तुमचा दोष नाही, डवरे. काम उत्तम आहे तुमचं.”

चार दिवसांनी घरास कुलूप लागले, आणि पुढे ते घर एका हॉटेलवाल्याने घेतले.

नागपुरास बाईंच्या भेटीस मी वर्षभराने गेलो. कबुली देण्याचा निश्चय करूनच गेलो होतो, एस. टी.त सबंध वाटभर वाक्ये रचीत होतो. घरी त्या एकट्याच होत्या. माझ्यासाठी त्यांनी स्वतः चहा केला. मी पुस्तकांविषयी विचारले.

“वाचते रे, पण दहा पानं झाली की वाटतं, मागचं आपल्याला नीट आठवतंय ना? मग पुन्हा पहिल्यापासून.”

“तुमची आठवण त चांगली होती, बाई.”

“होती असं मलाही वाटायचं.” त्या हसल्या. “तू दिलेला पहिला अभिप्राय आठवतो? ‘परिस्थिती’तला ‘रि’ तू दीर्घ काढला होतास. तीनदा. आणि शेवटी ‘आपला नम्र’ लिहून नाव घालायचं विसरलास. असलं सगळं लख्ख आहे. पण झाकण बघ, झाकण लावलं नाही ते लावलं म्हणून आठवतं. म्हणजे यातलंही खरं किती, देव जाणे.”

रचलेली सर्व वाक्ये तशीच घेऊन मी निघालो. दारापर्यंत आल्यावर बाई म्हणाल्या, “पुरुषोत्तम, जाता जाता एवढं कर. स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद आहे का बघ. मी केलाय बंद. पण माझं काही खरं नाही; सूनबाई येईपर्यंत मनाला घोर लागतो.”

मी गेलो. शेगडीचे बटण बंद होते, खालच्या टाकीचेही बंद होते. ओटा पुसलेला होता. फडके वाळत घातलेले होते.

“बंद हाये, बाई. दोन्हीकडून.”

“हो? बरं झालं,” त्या म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जो आभाराचा भाव उमटला, तो पाहून मी जिना उतरलो, आणि काहीही न सांगता परतवाड्यास आलो.

बाई त्यानंतर बारा वर्षे जगल्या. गतवर्षी त्यांच्या तेराव्यास मी गेलो आणि मांडवाच्या कोपऱ्यात हेमंतरावांना सर्व सांगितले: उदबत्ती, लाल नळी, चुन्याचा हात. माझे संपल्यावर ते पंगतीकडे पाहत होते.

“आम्ही तिला किल्ली देत नव्हतो घराची,” ते म्हणाले. “शेवटची आठ-नऊ वर्षं. काडेपेटीसुद्धा देत नव्हतो.” मग त्यांनी विचारले, “आईला सांगितलं होतं का हे?”

“नाही जी.”

ते उठले. वाढप्याच्या हातून वरणाची बादली त्यांनी घेतली आणि पंगतीत वाढू लागले. माझ्या पानापाशी आले तेव्हा त्यांनी मलाही वाढले. तेवढा वेळ मी मान वर केली नाही.

बाईंचे नातलग, त्यांच्या विद्यार्थिनी आणि नागपुरातील शेजारी यांचा आजही असा समज आहे की, उतारवयात मनोरमाबाईंची स्मृती गेली होती. म्हणून ज्यांच्या ज्यांच्या वाचनात हे येईल त्यांना मी निश्चयपूर्वक कळवू इच्छितो की, त्या पहाटे साडेपाच वाजता बाईंनी झाकण लावले होते, खटका वाजला होता, आणि तो त्यांनी ऐकला होता. त्या काहीही विसरल्या नव्हत्या.

इतके लांबलेले लेखन शेवटपर्यंत वाचल्याबद्दल वाचकांचा मी ऋणी आहे. यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका राहिल्या असल्यास त्या माझ्या आहेत. सुधारून देणारे कोणी आता राहिलेले नाही.

आपला नम्र,
पुरुषोत्तम नथ्थूजी डवरे
परतवाडा